दोनशे मिलिव्होल्ट कुठे गेले?

एक मेगओहमचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ जोडावेत, दोन्ही टोकांना ९ व्होल्टची बॅटरी लावावी आणि मधल्या सांध्यावर किती व्होल्टेज आहे ते मोजावं. कागदावर उत्तर सरळ आहे: निम्मं, म्हणजे ४.५. सिम्युलेटरला, म्हणजे संगणकावर सर्किट चालवून बघणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारलं तर तोही ४.५ च म्हणतो, वर दोन-चार शून्यं जास्तीची लावून. मग खरे रेझिस्टर ब्रेडबोर्डमध्ये, म्हणजे डाग न देता सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीत, खोचून डिजिटल मल्टिमीटर टेकवावा, तर आकडा येतो ४.२९ च्या आसपास. बॅटरी मोजून बरोबर ९ ची निघाली आहे, रेझिस्टर मोजले तर तेही ठीक. तरी दोनशे मिलिव्होल्ट गायब.

नवशिका इथे बहुधा मीटरला नावं ठेवतो आणि पुढे जातो. पण थोडं थांबलं तर या दोनशे मिलिव्होल्टांत बरंच काही दडलेलं सापडतं. मीटर काही सर्किटच्या बाहेर उभा राहून बघत नाही. तो टेकवला की सर्किटचाच एक भाग होतो. नेहमीच्या डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगओहम असतो, आणि तो खालच्या रेझिस्टरला समांतर लागतो. १ आणि १० मेगओहम समांतर म्हणजे ०.९०९ मेगओहम. आता पुन्हा भागाकार करा: ९ गुणिले ०.९०९, भागिले १.९०९. उत्तर ४.२९. त्याच जागी दहा-दहा किलोओहमचे रेझिस्टर लावले तर मीटर ४.५० दाखवतो, कारण दहा हजारांपुढे मीटरचे एक कोटी ओहम नसल्यासारखेच.

यापुढची पायरी मात्र बहुतेक जण गाळतात. सिम्युलेटरच्या त्याच आकृतीत खालच्या रेझिस्टरला समांतर १० मेगओहमचा एक रेझिस्टर काढायचा आणि पुन्हा चालवायचं. पडद्यावरही ४.२९ आलं, म्हणजे कारण नुसतं सुचलेलं नाही, तपासलेलं आहे. फुकट सिम्युलेटरचा मोठा उपयोग मला विचाराल तर हाच. खऱ्या सर्किटऐवजी वापरायला तो कमी पडतो. खरं सर्किट असं का वागलं, याची झडती घ्यायला मात्र त्याच्यासारखं साधन नाही. म्हणून वहीत प्रत्येक सर्किटापुढे तीन रकाने असावेत: कागदाचा आकडा, पडद्याचा आकडा, मीटरचा आकडा. कागदाचा आधी, तोही पेनाने. एकदा पडदा बघितला की डोकं त्याच आकड्याला साजेसं गणित रचतं.

साधनांबद्दल थोडक्यात. फॉलस्टॅडचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो. तारांतून पिवळे ठिपके सरकतात, ते करंट दाखवतात. तार हिरवी म्हणजे धन व्होल्टेज, लाल म्हणजे ऋण. सुरुवातीला याच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही. टिंकरकॅडमध्ये चित्रातला ब्रेडबोर्ड मिळतो, त्यामुळे कोणता पाय कोणत्या भोकात याचा सराव होतो, आणि रेझिस्टर न लावता एलईडी जोडला तर तो तसं बजावतोही. पुढे एलटीस्पाइस: तोही मोफत, दिसायला रूक्ष, पण गणिताला पक्का. त्याच्या दोन खोड्या आधीच माहीत असाव्यात. आकड्यापुढे एम लिहिला, मोठा किंवा छोटा, तरी तो मिलीच धरतो. मेगसाठी एमईजी अशी तीन अक्षरं लागतात. आणि कपॅसिटरपुढे (विजेचा भार साठवणारा घटक, त्याचं माप फॅरडमध्ये) १ लिहून फॅरडचा एफ जोडला तर तो एक फॅरड न धरता एक फेम्टोफॅरड धरतो. वरचं एक मेगओहमचं सर्किट एमच्या खोडीने एक मिलिओहमचं होतं. गंमत म्हणजे मधल्या सांध्यावर तरीही ४.५ च दिसतं, कारण गुणोत्तर तेच राहतं. करंट मात्र साडेचार हजार अँपिअर. व्होल्टेजसोबत करंटवरही नजर टाकायची सवय इथूनच लागावी.

एलईडीचं सर्किट सगळ्यांनाच पाठ असतं, पण त्यातही तिन्ही रकाने भरून बघावेत. ९ व्होल्ट, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट, उरले ७. करंट १५ मिलिअँपिअर हवा तर ७ भागिले ०.०१५, म्हणजे ४६७ ओहम. बाजारात मिळणारी जवळची किंमत ४७०. पिवळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी पट्टा. रेझिस्टरमध्ये साधारण एक दशांश वॅट उष्णता होते, म्हणून पाव वॅटचा पुरतो. एलईडीचा लांब पाय धन; पाय कापलेले असतील तर कडेचा सपाट भाग ऋण बाजूला असतो.

करंट मोजायला मीटर ताबडतोब अँपिअरवर नेऊ नये. रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजावं आणि मोजलेल्या रोधाने भागावं. अँपिअरवर ठेवलेला मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार. तो चुकून बॅटरीच्या टोकांवर टेकला की आतला फ्यूज जातो, आणि मग आठवडाभर प्रत्येक सर्किट 'बंद' दिसतं. तांबडी तार १० अँपिअरच्या भोकात विसरणं त्याहून वाईट, कारण काही मीटरांत त्या वाटेवर फ्यूजच नसतो.

एलईडीच्या या साध्या सर्किटातही आकडे जुळत नाहीत. नवी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी बहुधा साडेनऊच्या आसपास दाखवते, जुनी आठवर येते. सोनेरी पट्ट्याचा ४७० म्हणजे ४४७ ते ४९३ यांमधलं काहीही. हे फरक निरुपद्रवी आहेत. पण आता दोन लाल एलईडी समांतर जोडून दोघांना मिळून एकच रेझिस्टर द्या. पडद्यावर दोघांत करंट अगदी निम्मानिम्मा. ब्रेडबोर्डवर एक लख्ख, दुसरा मंद. एलईडीवरचं व्होल्टेज थोडं बदललं की करंट भरमसाट बदलतो, त्यामुळे दोघांत काही दशांश व्होल्टचा फरक असला तरी करंटचा मोठा वाटा एकजण घेतो. सिम्युलेटरमधले दोन एलईडी मात्र जुळे असतात, एकाच मॉडेलच्या दोन प्रती.

या जुळेपणाला इतिहास आहे. आजच्या बहुतेक सिम्युलेटरांचं मूळ असलेला स्पाइस हा प्रोग्रॅम बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी लिहिला आणि १९७३ मध्ये तो लोकांपुढे आला. त्याच्या इंग्रजी नावातच इंटिग्रेटेड सर्किट हे शब्द आहेत. चिप बनवण्याआधी ती ब्रेडबोर्डवर जोडून बघता येत नाही, ही त्यामागची अडचण. एकाच चिपवर शेजारी शेजारी घडलेले ट्रान्झिस्टर एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात, त्यामुळे तिथे जुळे धरून चाललं तरी फारसं बिघडत नाही. पाकिटातून काढलेल्या दोन सुट्या ट्रान्झिस्टरांबद्दल तसं म्हणता येत नाही. बीसी५४७ या नेहमीच्या ट्रान्झिस्टरचा करंट-गुणक, म्हणजे बेस या पायातल्या करंटच्या कितीपट करंट कलेक्टर या पायातून जाऊ शकतो तो आकडा, ११० ते ८०० यांतला कुठलाही असू शकतो. नावापुढे ए असेल तर ११० ते २२०, बी असेल तर २०० ते ४५०, सी असेल तर ४२० च्या वर. फॉलस्टॅडमध्ये न बदलता ठेवला तर तो सगळ्यांना १०० धरतो. म्हणून ट्रान्झिस्टर स्विचसारखा वापरताना गुणकावर विसंबू नये. कलेक्टरमधून १५ मिलिअँपिअर हवेत तर बेसमधून पाऊण ते एक मिलिअँपिअर द्यावा: ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा बेस रेझिस्टर, (५ उणे ०.७) भागिले ४७०० म्हणजे ०.९ मिलिअँपिअर. मग गुणक काहीही असो, ट्रान्झिस्टर पुरता उघडतो.

पायांच्या क्रमाचाही घोळ होतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दिसायला अगदी तसाच असलेल्या २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही, अर्धवट चालतो, आणि म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. 

ब्रेडबोर्डचं स्वतःचं एक वेगळंच राज्य आहे, आणि ते कुठल्याही आकृतीत दिसत नाही. मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून जोडलेली, मध्ये खाच, कडेला लांब पुरवठ्याच्या पट्ट्या. लांब ब्रेडबोर्डवर या पट्ट्या पुष्कळदा मध्यावर तुटलेल्या असतात. छापलेल्या लाल-निळ्या रेषेतही तिथे खंड दिसतो, पण तो बघतं कोण. अर्धं सर्किट चालतं, अर्धं मेलेलं. इलाज म्हणजे मध्यावर दोन छोट्या तारा. चार पायांचं बटण लावताना समोरासमोरचे दोन तिरके पाय वापरावेत. त्याचे पाय दोन-दोनच्या जोड्यांनी आतून कायमचे जोडलेले असतात; बटण नव्वद अंश फिरलेलं असलं आणि चुकीची जोडी निवडली गेली तर ते कायम दाबलेलंच राहतं. तिरके पाय घेतले तर हा प्रश्नच उरत नाही. पॉवर बँकेवरून ५ व्होल्ट घेणाऱ्यांना आणखी एक विचित्र दोष भेटतो: सर्किट अर्धा-एक मिनिट चालतं आणि विझतं. दोष सर्किटात नसतो. दहा-वीस मिलिअँपिअर इतका थोडा करंट बघून पॉवर बँक समजते की फोन चार्ज झाला, आणि स्वतःच बंद होते.

आता बटणाचं दुसरं रूप. ४०१७ हा दहापर्यंत मोजणारा आयसी घ्या. १६ व्या पायाला ९ व्होल्ट, ८ व्या पायाला ग्राउंड (बॅटरीचं ऋण टोक), १३ आणि १५ हे दोन्ही ग्राउंडला. हे दोन मोकळे सोडले तर आयसी मनाला येईल तसा वागतो, नुसता हात जवळ नेला तरी आकडा बदलतो. बहुतेक सिम्युलेटर मोकळा पाय शून्य धरतात, त्यामुळे तिथे ही चूक कळतच नाही. दहा आउटपुटांना दहा एलईडी, सगळ्यांच्या ऋण पायांना मिळून एकच १ किलोओहमचा रेझिस्टर. एका वेळी एकच एलईडी लागतो म्हणून इथे एक चालतो. १४ व्या पायावर घड्याळाचा ठोका: बटणातून ९ व्होल्ट, आणि पायापासून ग्राउंडला १० किलोओहम.

पडद्यावर एकदा दाबलं की एलईडी एक घर पुढे. ब्रेडबोर्डवर एकदा दाबलं की कधी एक घर, कधी तीन, कधी पाच. बटणातले धातूचे पत्रे एकमेकांवर आपटून काही मिलिसेकंद उसळत राहतात, आणि आयसी प्रत्येक उसळी प्रामाणिकपणे मोजतो. आता पडद्यावरचं बटण बिघडवायचं. त्याच्या जागी व्होल्टेजने चालणारा एक स्विच आणि त्याला चालवणारा असा व्होल्टेज स्रोत ठेवायचा, जो स्विचला पाव-पाव मिलिसेकंदाने चार वेळा उघडझाप करून मग मिटलेला ठेवेल. पडद्यावरचा आकडाही उड्या मारायला लागला की इलाज तिथेच करून बघता येतो: १० किलोओहमला समांतर १ मायक्रोफॅरड, आणि बटणाच्या मालिकेत १०० ओहम. कपॅसिटर १०० ओहममधून पटकन भरतो आणि १० किलोओहममधून सावकाश, सुमारे १० मिलिसेकंदांत रिकामा होतो, त्यामुळे मधल्या उसळ्यांत व्होल्टेज खाली यायला वेळच मिळत नाही. १०० ओहम कशासाठी? नाहीतर रिकामा कपॅसिटर बटणाच्या पत्र्यांतून एकदम भरतो आणि ठिणगीने पत्रे झिजतात. ४०१७ चा ठोक्याचा पाय संथ चढउतार सहन करणारा आहे. सगळ्या आयसींचा तसा नसतो.

५५५ या टायमर आयसीवर इतकं लिहिलं गेलंय की इथे फक्त एकच गोष्ट. पाय २ आणि ६ एकत्र, ७ आणि ८ यांमध्ये १ किलोओहम, ६ आणि ७ यांमध्ये ६८ किलोओहम, ६ पासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. ४ आणि ८ पुरवठ्याला, १ ग्राउंडला, ५ पासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड, आणि ८ व १ यांच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा, १०४ असं छापलेला सिरॅमिक कपॅसिटर. सूत्र सांगतं की एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकेल. तसा तो लुकलुकतोही, पण पहिली लुकलुक लांबते, अर्ध्या सेकंदाऐवजी पाऊण सेकंद. कपॅसिटर एरवी पुरवठ्याच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश यांमध्ये झुलतो, पण अगदी पहिल्यांदा तो शून्यापासून निघतो. पडदा आणि ब्रेडबोर्ड इथे एकमेकांशी सहमत असतात, सूत्र एकटं पडतं.

कागद एकटा पडतो असं आणखी एक सर्किट आहे, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने ५५५ च्या आधी तेच जोडावं. दोन बीसी५४७, दोघांचे एमिटर ग्राउंडला. प्रत्येक कलेक्टरपासून ५ व्होल्टपर्यंत ४७० ओहम आणि लाल एलईडी. प्रत्येक बेसपासून ५ व्होल्टपर्यंत २२ किलोओहम. आणि २२ मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, एकाच्या कलेक्टरपासून दुसऱ्याच्या बेसपर्यंत असे तिरपे. धन टोक कलेक्टरकडे, पट्ट्याचं टोक बेसकडे. एलईडी आळीपाळीने लागतात. पुस्तकी सूत्र प्रत्येकाला ०.६९ गुणिले रोध गुणिले धारकता इतका वेळ देतं: ०.३३ सेकंद.

सिम्युलेटर ०.२७ च्या आसपास सांगतो. ब्रेडबोर्डही जवळपास तेच दाखवतो, इलेक्ट्रोलिटिकच्या वीस टक्के इकडेतिकडेसह. इथे चूक सूत्राची नाही, सूत्र कुठल्या सर्किटासाठी होतं ते विसरल्याची आहे. ०.६९ तेव्हा येतं जेव्हा बंद ट्रान्झिस्टरचा कलेक्टर पुरवठ्याच्या पूर्ण व्होल्टेजपर्यंत चढतो. आपण मध्ये एलईडी घातला, तो कलेक्टरला दीड-पावणेदोन व्होल्ट आधीच अडवतो. कपॅसिटर कमी भरतो, त्यामुळे बेस शून्याच्या खाली कमी ढकलला जातो आणि लवकर परततो. पडताळा सोपा आहे: पडद्यावर एलईडी काढून तिथे सरळ तार ठेवा, वेळ वाढून सूत्राजवळ येतो. हेच सर्किट १२ व्होल्टवर चालवलं तर मात्र पडद्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तेव्हा बेस एमिटरच्या नऊ-साडेनऊ व्होल्ट खाली जायला बघतो, बीसी५४७ चा बेस-एमिटर सांधा पाच-सहा व्होल्टपर्यंतच सोसेल अशी खात्री दिलेली असते, आणि बहुतेक मॉडेलांत ही मर्यादा भरलेलीच नसते. खरा सांधा मध्येच गळायला लागतो, एलईडी पडद्यापेक्षा भरभर लुकलुकतात आणि ट्रान्झिस्टर हळूहळू कमजोर होतो. प्रत्येक बेसच्या मालिकेत एक १एन४१४८ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) घातला की सांध्यावरचा ताण तो घेतो.

पण या सर्किटची खरी मजा वेळेत नाही, सुरू होण्यात आहे. स्पाइसमध्ये आकृती नीट काढली तरी पुष्कळदा काहीच होत नाही: दोन्ही एलईडी लागलेले, रेषा सपाट. आकृतीत चूक शोधत बसू नये. दोन्ही बाजू अक्षरशः सारख्या आहेत, दोन्ही ट्रान्झिस्टर एकदमच उघडले, आणि आता कोणी आधी मिटायचं हे ठरवायला कारणच नाही. एका बाजूचा २२ किलोओहम २२.५ करावा, आणि पुरवठा शून्यावरून एकदम ५ व्होल्टवर नेणारा ठेवावा, म्हणजे गाडी हलते. ब्रेडबोर्डवर ही विषमता फुकट मिळते. कुठलेच दोन कपॅसिटर, कुठलेच दोन ट्रान्झिस्टर सारखे नसतात.

तरीही कधी कधी ब्रेडबोर्डवरही दोन्ही एलईडी लागून राहतात आणि सर्किट ढिम्म हलत नाही. हे बहुधा पुरवठा सावकाश चढला तर होतं, म्हणजे पुरवठ्यावर मोठा कपॅसिटर असेल किंवा व्होल्टेज बटण फिरवून वाढवलं असेल तर. थोडीशी विषमता पुरेशी ठरत नाही, दोघेही हळूहळू पुरते उघडतात आणि तिथेच बसतात. पडद्यावर पुरवठा दोन सेकंदांत शून्यापासून पाचावर चढणारा करून बघितलं की तोच सपाटपणा दिसतो, २२.५ ठेवूनसुद्धा. ब्रेडबोर्डवर मात्र पुरवठा काढायचीही गरज नाही. एक तार ग्राउंडला धरून तिचं दुसरं टोक कुठल्याही एका बेसला क्षणभर टेकवावं. तो ट्रान्झिस्टर मिटतो, त्याचा एलईडी विझतो, आणि तार उचलली की लुकलुक सुरू होते.